शिक्षा झालेली राखण

झाडं वाढायला वर्षं लागतात. वन समितीचे किस्से मात्र बैठकीची सतरंजी उचलायच्या आत तयार होतात! पाटोद्याकडच्या आमच्या गावात समिती झाली, तेव्हा मीही तिचा सदस्य होतो. रोज डायरी लिहायची सवय, म्हणून त्यातले काही टिकले.

पहिलं काम डोंगराच्या पायथ्याशी बोर्ड लावायचं. 'वृक्षतोड व चराई बंद.' आमचे अध्यक्ष बप्पा यांनी स्वतः खड्डा खणून तो उभा केला. फॉरेस्ट गार्डनं खांबावरून हात फिरवला.

"बप्पा, लाकूड ओलं लागतंय. कुठनं आणलं?"

बप्पांनी डोंगराकडं पाहिलं. "इथनंच की! पर हे शेवटचं!"

दंडावरून भांडणं नकोत, म्हणून नियम केला. ज्याचं जनावर आत सापडेल, त्यानं दुसऱ्या दिवशी राखणीला बसायचं. राखणदाराला विळ्यानं कापून एक भारा गवत न्यायची मुभा. पहिलेच सापडले बप्पांचे बैल! बप्पा दिवसभर बाभळीखाली. भाकरी घेऊन आलेल्या काकू मात्र खूश.

"लग्नापासून पहिल्यांदाच हा माणूस सांगितल्या जागी सापडला!"

पुढं बीडहून मोठे साहेब आले. जीपमधून उतरताच विचारलं, "लोकांचा सहभाग कसा आहे?"

म्हातारे तात्या पुढं झाले. "लई हाय साहेब. कुऱ्हाडी घेऊन जायचे तवाबी सगळेच जायचे!"

बंदीचा खरा घोर होता कोंडाबाईला. एकटी बाई, सगळा संसार शेळ्यांवर. भर बैठकीत तिनं विचारलं होतं, "जंगल वाढंल तुमचं, पर तवर माझ्या शेळ्यांनी काय बोर्ड खायचा?" शेळ्या विकायची पाळी येणार, असंच सगळ्यांना वाटलं.

मग एक दिवस तिची शेळी आत सापडली. दुसऱ्या दिवशी कोंडाबाई काठी घेऊन राखणीला. काय बिशाद कुणाचं वासरू आत शिरेल! संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन ती बप्पांच्या दारात.

"बप्पा, आज बी माझी शेळी सापडली."

"कुणाला?"

"मलाच!"

हे रोजचंच झालं. रोज एकच शेळी, हद्दीच्या जेमतेम आत, आणि तीही खुंटीला बांधलेली! इतर सगळी जनावरं मात्र कोंडाबाईच्या धाकानं बाहेरच. डोंगर हिरवा दिसायला लागला, शेळ्याही धष्टपुष्ट झाल्या.

शेवटी बप्पांनाच संकोच वाटला. भरल्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "कोंडाबाई, लई झालं. समितीनं तुझी शिक्षा माफ केली."

कोंडाबाई ताडकन उभी राहिली.

"कावून माफ? म्या काय सुधारले का?"