व्हिसावर लिहिलेलं काम

माझ्या व्हिसावर 'हेल्पर' असं लिहिलेलं होतं. मुंबईच्या एजंटाकडे त्या आठवड्यात हेल्परचेच व्हिसे शिल्लक होते. "तिकडे पोचल्यावर कोण बघतो? तुझ्या डिप्लोमाचं काम तुला मिळेल," असं तो म्हणाला आणि मीही फार खोलात शिरलो नाही. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन दोन वर्षं मी घरी बसलो होतो. आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यातले निम्मे बाप्ये तेव्हा आखातात होते. उरलेले पासपोर्टची वाट बघत होते.

एजंट एका बाबतीत खरं बोलला होता. बहरीनला खरंच कोणी बघितलं नाही. बंदराकडच्या हिद्द गावाजवळ जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका खासगी वर्कशॉपमध्ये मी लागलो. पहिला महिना झाडू मारला. दुसऱ्या महिन्यात फोरमनच्या लक्षात आलं की ह्याला ड्रॉइंग वाचता येतं. वर्षभरात पंप उघडणं, शाफ्ट तपासणं, बेअरिंग बसवणं ही सगळी कामं माझ्या टेबलावर आली. पुढे जर्मनीहून बॅलन्सिंगचं नवं मशीन आलं, तेही मीच चालवू लागलो. पंपाच्या पोटात पाणी फेकणारं एक चाक असतं, त्याला इंपेलर म्हणतात. ते एका बाजूला किंचित जरी जड झालं तरी पंप थरथरतो आणि बेअरिंग खातो. चाक फिरवून त्याचा जडपणा कुठे आहे ते शोधायचं आणि तेवढाच धातू घासून काढायचा, हे काम वर्कशॉपमध्ये माझ्याशिवाय कोणाला जमत नसे.

मी एक वही ठेवत होतो, मराठीत. कुठला पंप, कुठल्या जहाजाचा, काय मोडलं, किती दिवसांनी पुन्हा आला. मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी लावलेली सवय होती, एवढंच.

मला तिथे सात वर्षं होत आली तेव्हा एक जर्मन मुलगा आला. मुलगा म्हणजे तेविसेक वर्षांचा, उंच, उन्हाने नाक सोलवटलेला. मशीन विकणाऱ्या कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी पाठवला होता. तो तिकडे इंजिनिअरिंग शिकत होता आणि शिक्षणाचा भाग म्हणून त्याला एक सत्र कारखान्यात काढावं लागणार होतं. आमच्या इंग्रज मॅनेजरने त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि म्हणाला, "ह्याला सगळं दाखव."

मी दाखवलं. मशीन त्याच्या देशातलं, पण ते चालवायला तो माझ्याकडून शिकला. स्वभावाने सरळ होता. चुकला तर कबूल करायचा. माझी वही बघून तर तो थक्क झाला. दुपारच्या सुट्टीत मी एकेक ओळ इंग्रजीत सांगायचो आणि तो लिहून घ्यायचा. त्यावरून त्याने हिशेब मांडला की आखाताच्या खाऱ्या, वाळूच्या पाण्यात कुठला सुटा भाग किती महिन्यांत जातो आणि म्हणून कशाचा किती साठा ठेवायला हवा. तोच त्याचा प्रबंध झाला.

एका शुक्रवारी आम्ही झल्लाकला समुद्रावर गेलो. तिथे त्याने मला त्याच्या शाळेबद्दल नीट सांगितलं. शाळा हा माझा शब्द. तो 'फाखहोखशूले' म्हणायचा. त्यांच्याकडे जुनी मोठी विद्यापीठं वेगळी आणि ही वेगळी. इथे यंत्रांचं शिक्षण आणि धंद्याचं शिक्षण एकाच छपराखाली. प्राध्यापक होण्याआधी कारखान्यात वर्षं काढावी लागतात. आणि ज्याने हाताने काम केलेलं नाही त्याला प्रवेशच नाही.

"माझा बाप लेथवर काम करतो," तो म्हणाला. "विद्यापीठवाले आम्हाला अर्धे इंजिनिअर समजतात. पण तू तिथे आलास तर पहिल्या दिवसापासून तुला मान असेल. तू अर्ज का करत नाहीस?"

मी हसलो. पण खोलीवर परत येईपर्यंत माझं डोकं त्यातच होतं. वय एकोणतीस. लग्न व्हायचं होतं. फी जवळजवळ नाहीच, असं तो म्हणत होता.

त्याचे सहा महिने संपले त्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये होतो. मुलाला त्याच्या शाळेसाठी कामाचा दाखला हवा होता. मॅनेजरने तो टाइप करून घेतला, न वाचता सही केली, शिक्का मारला. अमुक अमुक विद्यार्थ्याने इथे पंपांच्या दुरुस्तीचं आणि बॅलन्सिंगचं काम यशस्वीपणे केलं. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. त्याने काम केलंच होतं.

मी राहायचो त्या गुदैबिया भागात माझ्या खोलीवर वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहायचे. हॉस्पिटलात क्लार्क होते, मी त्यांना काका म्हणायचो. त्यांनी त्यांच्या ऑफिसच्या टाइपरायटरवर माझा अर्ज टाइप करून दिला. दीड महिन्याने उत्तर आलं. डिप्लोमा चालेल. भाषेची परीक्षा तिथे आल्यावर द्यावी लागेल. आणि प्रत्यक्ष कामाचा दाखला पाठवावा, मालकाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी.

काका म्हणाले, "तुझं हेच तर भक्कम आहे बाबा. सात वर्षं."

दुसऱ्या दिवशी मी पर्सोनेल ऑफिसरकडे गेलो. ते मराठी होते, दादरचे. ईदला माझ्याकडचा शिरखुर्मा आवडीने खायचे. त्यांनी माझी फाइल काढली, उघडली आणि माझ्याकडे वळवली.

"हे वाच."

"हेल्पर," मी वाचलं.

"मग मी टेक्निशियन कसं लिहू?"

"साहेब, तुम्ही रोज बघता मी काय करतो ते."

"मी बघतो ते वेगळं आणि कागदावर आहे ते वेगळं. हेल्परच्या व्हिसावर टेक्निशियनचं काम करून घेतलं असं कंपनीने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं? उद्या लेबर ऑफिसने विचारलं तर?"

"करून तर घेतलंच ना?"

त्यांनी फाइल मिटली. "तू शहाणा आहेस. वर्कशॉपची साफसफाई आणि मदत, वर्तणूक चांगली, एवढं मी लिहून देतो. हवं तर ने."

त्यांनी ते खरोखर टाइप करून दिलं. मी ते उभ्या उभ्या वाचलं. त्या जर्मन मुलाला मी शिकवलं, त्याचे सहा महिने काम ठरले. आणि ज्याने शिकवलं त्याची सात वर्षं साफसफाई. कागद परत त्यांच्या टेबलावर ठेवून मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो आणि झाडू घेतला. वर्कशॉप झाडलं. ड्रम पुसले. तेल सांडलेल्या जागी भुसा टाकला. फोरमन आला, पंजाबचा, माझ्यावर जीव असलेला माणूस. म्हणाला, "अरे, टँकरका पंप खुला पडा है."

"मैं हेल्पर हूँ, उस्ताद. फाइलमें लिखा है."

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. दुपारपर्यंत त्याला कळलं. मशीनवर दुसऱ्या कोणाला बसवायचा प्रयत्न त्याने केला नाही. दुसरा दिवस तसाच गेला. बंदरात जहाज उभं होतं आणि त्याच्या पंपाचा इंपेलर माझ्या टेबलावर फडक्याखाली. मला भीती वाटत नव्हती असं म्हणणं खोटं होईल. हाकललं तर घरी अम्मीला काय सांगायचं, ह्याचा विचार यायचा. पण दाखल्यावरची ती ओळ आठवली की पुन्हा अंगात बळ यायचं.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः खाली आला, लालबुंद होऊन.

"मशीन का बंद आहे?"

"ते चालवणारा माणूस कंपनीत नाही, सर."

"मूर्खपणा करू नकोस. तू चालवतोस."

"मग तेवढंच लिहून द्या."

त्याने पर्सोनेल ऑफिसरना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की हे काय प्रकरण आहे. त्यांनी लेबर ऑफिसचं कारण सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "आधी जहाज, मग लेबर ऑफिस." अर्ध्या तासात दाखला माझ्या हातात होता. पंपांची दुरुस्ती, बॅलन्सिंग, सात वर्षं. एकही शब्द जास्तीचा नव्हता. मी हात धुतले आणि इंपेलर मशीनवर चढवला.

जाता जाता पर्सोनेल ऑफिसर माझ्याजवळ थांबले. "जिंकलास असं समजू नकोस," ते हळूच मराठीत म्हणाले.

दाखला गेला आणि उन्हाळ्यात शाळेचं पत्र आलं. प्रवेश मंजूर, अमुक तारखेच्या आत हजर व्हावं. काकांनी खोलीवर सगळ्यांना फालूदा पाजला. जर्मन व्हिसासाठी पासपोर्ट लागणार होता, आणि आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे. मी मागायला गेलो.

"पासपोर्ट कर्मचाऱ्याच्या हातात देत नाहीत, तुला ठाऊक आहे," पर्सोनेल ऑफिसर म्हणाले.

"दोन दिवसांत परत आणून देतो."

"राजीनामा दे. मग मिळेल. विमानतळावर."

मॅनेजर रजेवर इंग्लंडला गेला होता. माझाच पासपोर्ट, माझ्याच नावाचा, माझ्या बापाचं नाव त्यात लिहिलेलं, आणि तो हातात घेण्यासाठी मला देश सोडावा लागणार होता. मी तीन आठवडे वाट पाहिली. शेवटी राजीनामा दिला. कंपनीच्या माणसाने मला विमानतळावर नेलं आणि मुंबईच्या विमानात बसायच्या वेळी पासपोर्ट हातावर ठेवला.

मुंबईत जर्मन वकिलातीने जर्मनीतल्या कोणाची तरी हमी मागितली. त्या मुलाच्या बापाने, त्या लेथवाल्याने, मला कधी न पाहता हमीपत्रावर सही केली. ते माणुसकीचं काम मी विसरणार नाही. पण कागद यायला, तपासायला, शिक्के पडायला जे दिवस लागले त्यात शाळेची तारीख उलटून गेली. शाळेने नम्रपणे कळवलं की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

पुढचं वर्ष माझ्या हातात नव्हतं. बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि घरात कमावणारा मी एकटा. सात-आठ महिन्यांनी मी पुन्हा बहरीनला गेलो, दुसऱ्या कंपनीत. ह्या वेळी एजंटाला स्पष्ट सांगितलं, व्हिसावर 'पंप टेक्निशियन' लिहिलेलं असेल तरच येतो. तो कुरकुरला, पण तसा व्हिसा आणून दिला. काम तेच होतं. मशीनही त्याच जर्मन कंपनीचं.

नंतर लोक मला म्हणायचे, "जे झालं ते भल्यासाठीच. तिकडे जाऊन तू थंडीने मेला असतास." हे ऐकून मला अजून राग येतो. थंडीने मेलो असतो की काय झालं असतं, ते मला बघायचं होतं. ते ठरवायचा हक्क कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्या माणसाला कोणी दिला? त्या माणसाचा राग मला आजही येतो, पण खरं तर तो एकटा नव्हता. शेकडो फाइलींत शेकडो खोटे शब्द होते. सुताराच्या फाइलीत मजूर, इलेक्ट्रिशियनच्या फाइलीत माळी, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. खोट्याचा फायदा कंपनीला आणि शिक्षा आम्हाला.

काही वर्षांनी त्या जर्मन मुलाचं पत्र आलं. तो आता एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि आठवड्यातून एकदा आपल्याच जुन्या शाळेत शिकवायला जात होता. लिहिलं होतं, "मी विद्यार्थ्यांना सांगतो की माझा सगळ्यात चांगला प्राध्यापक बहरीनमध्ये होता."

काकांना मी ते वाचून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, केवढा मान दिलाय पोराने," ते म्हणाले.

मला मान वाटला नाही. मला त्या वर्गात बसायचं होतं. मागच्या बाकावर का होईना, पण हातात वही घेऊन बसायचं होतं. पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही. मग एका शुक्रवारी बसून लिहिलं: मी बरा आहे, मला एक मुलगी झाली आहे, तुझ्या वडिलांना माझा सलाम सांग.