ट्रेसीच्या वॉर्डाचा निकाल

सिरिल तुस्कानो बर दुबईतल्या एका सर्व्हेयर कंपनीत कागद सांभाळायचा. नकाशे, पत्रं, मंजुऱ्या, दुरुस्त्या. सव्वीस वर्षं हेच काम. नवीन पोरं यायची, कंप्युटरवर भराभर काम करायची आणि वर्षभरात जास्त पगारावर दुसरीकडे जायची. त्यांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा, "कागद हातात आला की आधी चारही कडा बघा. कॉपी काढताना कडा कापली गेली असेल तर तो कागद नाही, रद्दी आहे." पोरं मान हलवायची. त्याला साहेब 'मिस्टर सिरिल' म्हणायचे आणि त्याच्या सहीशिवाय एकही नकाशा साइटवर जात नसे. एवढीच त्याची या गावातली सत्ता.

आता तीही डिसेंबरपर्यंतच होती. अठ्ठावन्न पुरी होत होती. कंपनीने व्हिसा यापुढे वाढवणार नाही असं पत्र दिलं होतं, आणि ते पत्र त्याने स्वतःच फायलीत लावलं होतं.

दुबई सोडायचं त्याला दुःख नव्हतं. तो थकला होता. सकाळी लिफ्टची वाट बघून थकत होता, दुपारी एसीच्या गार वाऱ्याने आणि बाहेरच्या आगीने आलटून पालटून थकत होता. वसईला निर्मळजवळ त्याने दोन मजली घर बांधलं होतं. खालचा मजला त्याला आणि बायकोला, व्हेरोनिकाला, वरचा मुलीला. घर बांधून नऊ वर्षं झाली तरी वरच्या मजल्याचं कुलूप फक्त पेंटरसाठी उघडलं होतं.

मुलगी, ट्रेसी, दुबईतच वाढली. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली, तिथंच नोकरीला लागली. नवरा अँड्र्यू हॉटेलात होता. त्यांची मुलगी संजना, सहा वर्षांची. गेल्या नाताळात अँड्र्यूला मुंबईच्या एका हॉटेलात चांगली जागा मिळत होती, आणि परत यायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात ट्रेसीने फोनवर सांगितलं की ती निवडणुकीला उभी राहतेय.

"कसली निवडणूक?" सिरिलने विचारलं होतं.

"कौन्सिलची, डॅडी. आमच्या बरोची."

बरो म्हणजे लंडनच्या कडेची एक नगरपालिका, हे त्याला हळूहळू समजलं. कचरा, दिवे, शाळा, वाचनालयं. ट्रेसीच्या भागातलं म्हाताऱ्यांचं दिवसभराचं केंद्र बंद होणार होतं. तिने सह्या गोळा केल्या, सभेत बोलली, आणि एका पक्षाने तिलाच म्हटलं, तू उभी राहा. त्या वॉर्डात तो पक्ष कधी निवडून आलेला नव्हता.

"तुझा पासपोर्ट तर आपला आहे."

"चालतो. इंडियन सिटिझन तिथं राहत असेल तर व्होट पण करू शकतो, स्टँड पण."

सिरिलला हे खरं वाटेना. त्याने स्वतः जन्मात मत दिलं नव्हतं. मुंबईत नोकरीला होता तेव्हा नाव वसईच्या यादीत होतं, वसईत राहायला गेला तेव्हा ते मुंबईच्या यादीत निघालं, आणि मग दुबई.

"आणि मुंबईच्या नोकरीचं?"

"हॉटेलवाले मेपर्यंत थांबायला तयार आहेत. हरले तर जूनमध्ये येतो आम्ही. जिंकले तर चार वर्षं हलता येणार नाही. फेअर आहे ना, डॅडी?"

"हो, हो," सिरिल म्हणाला होता.

२००२ सालच्या मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी तिकडे मतदान झालं. मोजणी शुक्रवारी. दुबईत शुक्रवार सुट्टीचा, म्हणून चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिसा, तीही शुक्रवारीच. सकाळी ऊद मेथाच्या चर्चच्या आवारात माणसांना उभं राहायला जागा नव्हती. व्हेरोनिकाने आदल्या आठवड्यातच चिठ्ठी देऊन ट्रेसीसाठी मिसा सांगितली होती. वेदीवरून नाव वाचलं गेलं तेव्हा तिने डोळे मिटले. सिरिलनेही मिटले, आणि मनात म्हणाला, देवा, पडू दे तिला. फार मतांनी नको, लाज वाटेल. थोड्या मतांनी पडू दे.

घरी येईपर्यंत त्याला स्वतःचं तोंड कुणाला दाखवू नये असं झालं होतं.

"पोट दुखतंय का?" व्हेरोनिकाने विचारलं. ती परातीत फुग्यांचं पीठ मळत होती. फुगे, म्हणजे तळलेले गोल गोडसर पाव, ती सणालाच करायची.

"नाही. ऊन लागलं."

"चर्चच्या मांडवात उभा होतास की. कसलं ऊन?"

चार वाजता तो खाली जहूरच्या दुकानात गेला. जहूर रत्नागिरीचा. त्याच्या दुकानात सहा कंप्युटर होते आणि जुम्म्याची नमाज झाल्यावर तो दुकान उघडायचा. तिकडे तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सगळ्या कंप्युटरांवर घरी पत्र पाठवणारी माणसं बसली होती, म्हणून जहूरने काउंटरवरच्या आपल्या मशीनवर बरोचं पान उघडलं.

"काका, आपण इथं एवढी वर्षं आहोत, बसस्टॉप कुठं हवा एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. आणि तुमची पोरगी तिथं जाऊन मतं मागते. कमाल आहे!"

"आलं का काही?"

"यल्ला, थांबा. नेट रडतंय." मग त्याने मान पुढे काढली. "आलं, आलं. वॉर्डाचं नाव हेच ना? प्रिंट देतो, घरी काकूंसमोर बघा. एक दिरहम. म्हणजे तेरा रुपयाला एक कागद, पण तुमच्याकडून घेत नाही."

प्रिंटर कुरकुरत चालला. तेवढ्यात कुणाचं तरी मशीन अडकलं आणि जहूर तिकडे धावला. सिरिलने कागद उचलला आणि जिन्यातल्या दिव्याखाली उभा राहून वाचला. एकाखाली एक दहा नावं, पुढे पक्ष, पुढे मतं. वरचे दोघे विरोधी पक्षाचे. एकाला चौदाशे बारा, दुसऱ्याला तेराशे नव्वद. तिसरं नाव ट्रेसीचं. तेराशे एकाहत्तर.

तिसरी. पडली.

त्याचे खांदे आपोआप खाली आले. जिन्याच्या कठड्याला त्याने पाठ टेकली. कुणीतरी उचलून धरलेलं ओझं अलगद जमिनीवर ठेवावं तसं त्याला वाटलं. जूनमध्ये येतील. वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडतील. संजना निर्मळच्या शाळेत जाईल. तिथल्या फादरशी तो फेब्रुवारीतच बोलून ठेवून आला होता, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग दुसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता त्याला स्वतःची किळस आली.

"तिसरी आली," त्याने दारातच सांगितलं.

व्हेरोनिकाचे हात फुगून आलेल्या पिठात थांबले. "तिसरी म्हणजे काही वाईट नाही रे. दहांत तिसरी."

"शर्यत आहे का ती? पहिला येतो तोच निवडून येतो."

तिने पिठाचा एक गोळा उचलला आणि परत ठेवला. "मग फुगे तळू की नको?"

"तळ. खायला काय हरकत आहे?"

"पोरीला फोन कर आधी. रडत बसली असेल. आणि तिला भाषण देऊ नको."

त्याने अँड्र्यूचा मोबाइल लावला. अँड्र्यूने उचलला, पाठीमागे मोठा गलका होता. 'डॅडी' एवढं ऐकून त्याने फोन ट्रेसीकडे दिला. सिरिलने तिला बोलूच दिलं नाही. एकदा थांबलो तर पुढे जमणार नाही असं त्याला वाटत होतं.

"बाळा, वाईट वाटून घेऊ नको. परक्या गावात जाऊन एवढी मतं मिळवलीस, खूप झालं. आता पुरे. अँड्र्यूला सांग, त्या हॉटेलला आजच हो कळव. संजनाच्या शाळेचं मी फादरशी बोललोय, जागा ठेवलीय त्यांनी. जून उजाडायच्या आत या. खलास. आता कुठं जायचं नाही."

"डॅडी. डॅडी, वेट." ती हसत होती की धापा टाकत होती ते कळेना. "कोण म्हणालं मी हरले?"

"माझ्या हातात कागद आहे. तिसरी आलीस."

"तीन सीट्स असतात, डॅडी! एका वॉर्डातून तिघं जातात. आय गॉट इन. चौथ्यापेक्षा नऊ व्होट्स जास्त. साइटवर लिहिलंय ना नावापुढे, इलेक्टेड."

सिरिलने कागद उजेडात धरला. उजवीकडची कडा कापली गेली होती. मतांच्या आकड्यांनंतर एक उभी रेघ होती, आणि त्या रेघेपुढे जे काही होतं ते जहूरच्या प्रिंटरने घेतलंच नव्हतं. ऑफिसात असा कागद त्याने लांबूनच ओळखला असता.

"हॅलो? डॅडी?"

"आहे मी."

"तुम्ही फादरशी कधी बोलला?"

सिरिलने कागदाची घडी घातली.

"फेब्रुवारीत गेला होता ना? तेव्हाच?" तिचा आवाज खाली आला होता. "म्हणजे मी हरायची वाट बघत होता."

नाही म्हणणं सोपं होतं. समोर व्हेरोनिका पिठाचे हात वर धरून उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हो," सिरिल म्हणाला. "दमलो ग मी. वाटलं, आता सगळी एका घरात राहू. बाकी काही नाही."

पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी तिला हाक मारली. हाकेत तिचं नाव नव्हतं, नुसतं 'कौन्सिलर' होतं.

"आय हॅव टु गो, डॅडी. ते बोलावतायत मला," ती म्हणाली. आणि फोन बंद झाला.

रिसीव्हर हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"जिंकली?" व्हेरोनिकाने विचारलं.

"जिंकली. तिघं घेतात तिथं."

"आणि तू अभिनंदनसुद्धा केलं नाहीस."

"नाही."

त्याला वाटलं, आता ती बोलेल, आणि बोलावंच तिने. पण ती मोरीत गेली, हात धुतले, पदराला पुसत परत आली आणि खुर्चीवर बसली.

"मिसेची चिठ्ठी दिली ना मी गेल्या शुक्रवारी," ती म्हणाली, "तेव्हा मीही तेच मागितलं होतं. पडू दे म्हणून. आज सकाळी वेदीवरून पोरीचं नाव वाचलं तेव्हा लाज वाटली. म्हणून मग उलटं मागितलं."

सिरिलने रिसीव्हर जागेवर ठेवला. "मला सांगायचंस तरी."

"तू सांगितलंस?"

बाहेर संध्याकाळची बांग सुरू व्हायला अजून वेळ होता. खिडकीतला एसी थडथडत होता. चार वर्षं म्हणजे संजना दहा वर्षांची होईल, आणि आपण बासष्टचे, असा हिशेब त्याच्या मनात आपोआप होऊन गेला.

"पुन्हा लाव," व्हेरोनिका म्हणाली. "आणि यावेळी नुसतं अभिनंदन म्हण. शाळा नको, हॉटेल नको."

त्याने नंबर फिरवला. एंगेज. थोडं थांबून पुन्हा फिरवला. एंगेज.

"मला दे," व्हेरोनिका म्हणाली.

"राहू दे. मीच लावतो."

तो स्टूल ओढून फोनपाशी बसला. तिकडे कितीतरी माणसं तिला फोन करत असतील, आणि त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही, असं त्याच्या मनात आलं. व्हेरोनिकाने आत कढई ठेवली. सिरिलने चष्मा वर सरकवला आणि पुन्हा पहिल्या शून्यापासून नंबर फिरवायला घेतला.