एका घरात दोन कायदे

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी मला कराडजवळच्या एका खेड्यात धाडलं. साठीच्या दशकातली गोष्ट. एकत्र कुटुंबं का फुटतात, हा माझा विषय होता. मी सांगलीची. घरात आई, वडील, भाऊ आणि मी, एवढीच माणसं. काका म्हणजे लग्नकार्यात भेटणारा माणूस, इतकीच माझी समज. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरंच आहे. आधीपासून मतं नाहीत, तर डोळे उघडे ठेवशील."

वडिलांच्या ओळखीनं नदीकाठच्या एका शेतकरी घरात राहायची सोय झाली. गंमत अशी की मी पोचायच्या थोडेच दिवस आधी ते घर फुटलं होतं. मधोमध कुडाची भिंत घातली होती आणि तिच्यावरचं शेण-मातीचं लिंपण अजून ओलसर होतं. पलीकडे थोरला भाऊ, त्याची बायको आणि मुलं. अलीकडे धाकटा, जो साखर कारखान्यात कामाला होता, त्याची बायको आणि नुकतीच सातवी पास झालेली मुलगी. मी या धाकट्याच्या घरी राहत होते. भावांचे वडील, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणे, ते सकाळी एका घरी जेवत, संध्याकाळी दुसऱ्या. शेत आणि बैलजोडी अजून सामाईक होती.

अभ्यासाचा विषय असा पुढ्यात वाढून ठेवलेला पाहून मी खूश झाले. पहिल्याच दिवशी थोरल्या भावाला गाठलं.

"ताकाच्या गाडग्यावरनं झालं बगा," तो म्हणाला. "ही म्हनली तिनं फोडलं, ती म्हनली हिनं फोडलं. बायकांनी घर फोडलं, दुसरं काय."

गावात ज्याला विचारावं तो हेच सांगे. माझ्या जवळच्या पुस्तकातही थोडंफार तेच लिहिलं होतं, फक्त जड शब्दांत. संध्याकाळी पुरुष घरी आले की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोघी जावांचे टोमणे सुरू होत. थोरली खणखणीत बोलायची. धाकटीला मात्र भांडण जमत नसे. रागाच्या भरातही ती म्हणे, "आक्का, तुमी लय अन्याव केलासा." भांडताना कुणी इतकं आदरानं बोलतं, याचं मला नवल वाटे.

पेरण्यांचे दिवस होते. एके दिवशी गावात कुणी भेटेना, म्हणून मी लवकर परतले आणि मागच्या दारानं आत शिरले. स्वयंपाकघरात हसण्याचा आवाज येत होता. पाहते तर थोरली जाऊ धाकटीच्या चुलीपुढं बसून भाकऱ्या थापतेय आणि धाकटी शेजारी पाट्यावर मसाला वाटतेय. कोपऱ्यातली धान्याची कणगी बाजूला सरकवलेली आणि तिच्यामागं भिंतीत माणूस वाकून जाईल एवढी वाट.

मी दारातच थबकले. धाकटीच्या हातातला वरवंटा थांबला. थोरलीनं मात्र तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "बसा ताई. गरम हाय तवर खावा."

"तुमचं दोघींचं बोलणं नाही ना?" मी विचारलं.

"न्हाईच की. गाव ऐकत असतंय तवा न्हाई."

मग भाकरी खाता खाता मला सगळं कळलं. थोरलीची मोठी मुलगी सातवीपर्यंत शिकली होती. पुढं कराडच्या हायस्कुलात जायचं म्हणून तिनं अन्नपाणी सोडलं, पण आबांनी ऐकलं नाही. वर्षभरात तिचं लग्न लावून दिलं. आता धाकटीची मुलगी त्याच उंबऱ्यावर आली. तिचा बाप तिला शिकवायला राजी होता, पण वडिलांपुढं तोंड उघडायची त्याची हिंमत नव्हती. शेवटी धाकटीनंच सासऱ्यांपुढं विषय काढला, तर आबा म्हणाले, "एका घरात दोन कायदे न्हाईत. थोरल्याची पोरगी घरात बसली, धाकट्याचीबी बसंल."

"म्या रातभर इचार केला," थोरली म्हणाली. "एका घरात दोन कायदे न्हाईत, तर मग घरंच दोन करावी. माझ्या पोरीच्या वक्ताला मला सुचलं न्हाई. हिच्या पोरीचं तरी होऊ दे. माझी धाकटीबी हाय की अजून चौथीत."

"आणि ताकाचं गाडगं?"

"त्ये आधीच चिरलं हुतं," धाकटी हळूच म्हणाली. "आक्कांनी फोडायला त्येच निवडून घेतलं."

वेगळं झाल्यावर मुलीला शाळेत घालायचा हक्क तिच्या बापाकडं आला आणि जून उजाडताच ती कराडला जाऊ लागली. वर दोघींना एक लाभ असा झाला, जो त्यांनी आधी योजलेला नव्हता. पुरुष कामावर गेले की भाकऱ्या एकीनं भाजायच्या, कालवण दुसरीनं करायचं, आणि वाटून घ्यायचं. दुपार मोकळी. लग्न झाल्यापासून अशी मोकळी दुपार दोघींनी पाहिली नव्हती.

"तुमच्या कागदावर लिवा," थोरली म्हणाली, "पर गावात सांगू नका." मी मान डोलावली. त्या दिवसापासून माझ्या दुपारीही त्या स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. शिकायला मी गावभर हिंडत होते, पण खरं शिकणं तिथंच होत होतं.

असं सुरळीत चाललं असताना बेंदूर आला. बैलांचा सण. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली चढवल्या, आणि पुरणपोळीचा नैवेद्य कुणाच्या दारात दाखवायचा यावर सगळं अडलं. बैल सामाईक आणि दारं दोन. आबांनी दोन्ही सुनांच्या भावांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. थोरलीचा भाऊ आटपाडीहून एसटीनं आला होता, धाकटीचा जवळच्या गावातून. सगळे अंगणात बसले. थोरला भाऊ एका टोकाला, धाकटा दुसऱ्या.

"आज निकाल लागला पायजे," आबा म्हणाले. "जनावरानं दोन दारांत तोंड घालावं का?"

घर पुन्हा एक झालं तर कायदाही एक होणार आणि मुलगी घरी बसणार. तेवढ्यात आबा माझ्याकडं वळले. "पोरी, तुजा अभ्यासच ह्यो हाय नव्हं? सांग बगू, ह्ये घर एक का दोन?"

"आबा, मला अजून ठरवता येत नाहीये," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"बरं. मग तुमी दोघी माझ्याम्होरं भांडा. कशाचं भांडान हाय ते पावण्यांना ऐकू दे."

थोरलीनं पदर खोचला आणि गाडग्यापासून सुरुवात केली. तिचं झाल्यावर सगळ्यांनी धाकटीकडं पाहिलं. ती उभी राहिली, ओठ हलवले, आणि फार कष्टानं म्हणाली, "आक्का, तुमी... तुमी चांगल्या न्हाईसा."

थोरलीनं तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलू लागले. आटपाडीच्या भावाला वाटलं बहीण रडतेय, तो उठून तिच्याजवळ गेला. मग तिचं हसू फुटलं. तिला पाहून धाकटीला आवरेना. दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून हसत होत्या आणि पाहुणे खुळ्यासारखे बघत होते.

आबांनी शांतपणे पगडी काढून मांडीवर ठेवली.

"सकाळी हितं जेवतो, सांजच्याला तितं," ते म्हणाले. "दोन्हीकडं भाकरी थोरलीच्या हाताची, कालवण धाकटीच्या. दात गेल्यात माझं, जीभ न्हाई गेली."

"तुमाला ठाऊक हुतं?" थोरलीचं हसू थांबलं. "मग बोलला का न्हाई, मामंजी?"

आबांनी मांडीवरची पगडी पुन्हा डोक्यावर चढवली. "पोरगी सांजच्याला इंग्रजी वाचून दावती मला. काय कळत न्हाई, पर ग्वाड वाटतं. म्या बोललो असतो तर घर एक झालं असतं, आन् तिला बसवावी लागली असती. कायदा माजाच." मग घसा खाकरून म्हणाले, "आता पावण्यांम्होरं सांगतो. ह्या घरातल्या पोरी शिकतील. समद्या. झाला एक कायदा."

सगळ्यात गोंधळला तो थोरला भाऊ. तो धाकट्याकडं वळून म्हणाला, "मग मी तुज्यासंगं कशापायी बोलत न्हाई, रं?"

"मला काय म्हाईत, दादा," धाकटा म्हणाला. "मला वाटलं तुला म्हाईत असंल."

कारखान्याची पाळी नसली की धाकटाही शेतावर जाई, आणि एवढे दिवस दोघे भाऊ औत धरताना एकमेकांना सांगायचं ते बैलांना सांगत होते. आता दोघे बाजूबाजूला जेवायला बसले आणि जेवण होईपर्यंत बोलत राहिले. नैवेद्य कुठल्या दारात दाखवला ते मला आठवत नाही. बैलांना पोळ्या मात्र भरपूर मिळाल्या.

भिंत पाडायची गोष्ट निघाली तेव्हा दोघी जावांनी एका सुरात नको म्हटलं. कारखान्याची पाळी आणि शेताची वेळ यांचं जमत नाही, दोन चुली बऱ्या, असं कारण दिलं. कणगी तेवढी हलवली आणि तिथं रीतसर चौकट बसवून घेतली.

थोरलीची लग्न झालेली मुलगी नागपंचमीला माहेरी आली, तेव्हा मी तिथंच होते. तिला सगळं सांगितलं. ती हसली, मग बराच वेळ चुलत बहिणीचं इंग्रजीचं पुस्तक चाळत बसली. थोरली तिच्याजवळ जाऊन तिचे केस विंचरू लागली.

सरांपुढं मी हे सगळं मांडलं, आणि हे घर विभक्तांत धरू की एकत्रात, असं विचारलं. सर हसत सुटले. मग म्हणाले, "आहे तसं लिही. नाव परीक्षक देतील." परीक्षकांनीही दिलं नाही.

पुढं माझं लग्न साताऱ्यात झालं, दोन दिरांच्या भरल्या घरात. तोवर ती मुलगी मॅट्रिक होऊन शिक्षिकेच्या शिक्षणाला लागली होती. माझ्या लग्नाला दोघी जावा आल्या होत्या. जेवणं झाल्यावर थोरलीनं माझ्या सासरचं स्वयंपाकघर हिंडून पाहिलं, माझ्या मोठ्या जावेशी चार गोष्टी केल्या आणि जाता जाता माझ्या कानात म्हणाली, "बाई चांगली हाय. तिला धरून ऱ्हावा."

मी तसंच केलं.