नो पार्किंगच्या पाटीवरचे अप्पा

अप्पा गेले तरी त्यांचा मोबाइल मी बंद केला नव्हता. दहाव्याचे विधी आटोपून कावेरीवरून घरी आलो आणि थोड्याच वेळात तो वाजला. अप्पांच्या नावावर दंड. त्यांची स्कूटर घाटाजवळच्या गल्लीत, मनाई असलेल्या जागी उभी होती. ती लावली होती मी, आणि तिथं कसलीही पाटी मला दिसली नव्हती. पण कागदोपत्री गुन्हा वडिलांचा.

रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबणारा तो माणूस. मागची गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकायची, हे हलायचे नाहीत. आई म्हणाली, "भरून टाक रे. त्यांना आता काय त्याचं?"

त्यांना नसेल. मला होतं. त्यांच्या नावावर शेवटची नोंद दंडाची राहू द्यायची नव्हती.

वेबसाइटवर हरकत घ्यायला कारण निवडावं लागतं. गाडी चोरीला गेली होती, गाडी विकली आहे, नंबर चुकला आहे. पाटी दिसली नाही, हे कारणच नाही. कसंबसं पुढं गेलो तर उत्तर आलं: मालकाने स्वतः कार्यालयात यावे.

घरातली मराठी घरातच ठेवून तमिळमध्ये भांडायला गेलो. मला भांडता येत नाही. वाक्यं मनात जुळवून न्यावी लागतात. खिडकीतल्या पोलीस बाईंनी मला ती बोलूच दिली नाहीत.

"मालक कुठं आहेत, सार?"

"वारले. हा दाखला."

"मग हरकत कोण घेतंय?"

"मी. गाडी मीच लावली होती. दंड माझ्या नावावर तरी करा."

"तसं होत नाही. दंड मालकाला. हरकतही मालकाचीच."

"मॅडम, ते आता कसे येणार?"

त्यांनी सुस्कारा टाकून संगणकावर फोटो उघडला. अप्पांची स्कूटर, तिच्यामागं खांब, खांबावर चौकोनी पाटी. पाटीवर कडेपर्यंत चिकटवलेलं श्रद्धांजलीचं पोस्टर. कपाळावर विभूती, चष्मा, किंचित नाराज चेहरा.

"हे कोण?"

"मालक," मी म्हणालो.

"मग हजर आहेत की!" शेजारचा हवालदार हसला. बाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

आमच्याकडं तमिळनाडूत माणूस गेला की कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचं पोस्टर लागतं. अप्पांच्या कॉफीच्या कंपूनं ती हौसेनं छापून घेतली होती. घाटावर येणाऱ्या सगळ्यांना दिसावं म्हणून नेमका हा खांब धरला. आणि मी, वडील दिसले म्हणून, त्यांच्याखालीच गाडी लावली.

"पाटी दिसत नाही, हे खरं," बाई म्हणाल्या. "दंड रद्द करते. पण पोस्टर आजच्या आज काढा. तुमच्याच लोकांनी लावलंय."

बादली आणि काथ्या घेऊन गेलो. मैद्याची खळ दगडासारखी वाळली होती. अप्पा असते तर वाहतुकीच्या पाटीवर पोस्टर लावल्याबद्दल त्यांनी मित्रांना रस्त्यातच झापलं असतं. कडा सुटल्या, नाव सुटलं, चेहरा निघेना. मी पाणी मारत राहिलो.

घाटावरून येणारे एक म्हातारे थबकले. "काय हो, वडिलांना जाऊन महिना नाही झाला, एवढ्यात काढताय?"

नाव स्वच्छ झालंय म्हणून, असं सांगणार होतो. पण ते वाक्य तमिळमध्ये जुळेपर्यंत म्हातारे मान हलवत निघून गेले होते.