ओंजळीतला केस

पडदा वर जातो तेव्हा शुक्रवार पेठेतल्या गल्लीत सकाळचं ऊन नुकतं उतरलेलं आहे. दारोदारी रांगोळ्या, हातांत कलश-नारळ धरून उभी असलेली जोडपी, आणि मधून मौनात चालत येणारे दिगंबर जैन मुनिमहाराज. आहारासाठी कुणाच्या दारी थांबतील, ते त्यांनाच ठाऊक. "नमोस्तु महाराज, तिष्ठ तिष्ठ!" दोन्ही बाजूंनी गजर उठतो, आणि महाराज थांबतात ते अक्काताईंपुढे.

काय ती मूर्ती! ऐसपैस देह, गल्लीच्या टोकाला पोचणारा आवाज. पेठेत म्हणायचे, अक्काताईंनी निवडलेल्या तांदळात खडा सापडला तर तो देवानंच टाकलेला. उगीच नव्हतं ते. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीतच जेवतात; त्या ओंजळीत किडा किंवा केस आला तर आहार तिथंच थांबतो. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

त्या दिवशी अक्काताईंनी भाताचा घास ठेवला आणि महाराजांनी तो अंगठ्यानं उलगडून पाहिला. भातात एक लांब पांढरा केस होता. महाराज शांतपणे बसले, हात धुतले आणि निघून गेले. रागावले असते तर बरं, असं अक्काताईंना वाटलं.

"माझाच केस," त्या सुनेला, दीपाला म्हणाल्या, "आणि मलाच दिसला न्हाय."

नवऱ्यानं, अण्णासोंनी, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. क्रांती नावाची तरुण मुलगी. तिनं पडद्यावर डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. केशरी अंगणात लाल धागे पसरावेत तसा.

"रक्त आणणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्यात, परत नेणाऱ्या फुगल्यात. वजन आणि ब्लडप्रेशर वाढलं की या बारीक वाहिन्यांना त्रास होतो. इथं एक शीर चोंदली, रक्त पाझरलंय. धूसर कधीपासून दिसतंय?"

"संक्रांतीपासनं. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला आसंल." डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होताच, सगळी मदार उजव्यावर. "पण बाई, जाड मी पोटानं हाय. डोळा कुठं जाड झालाय?"

अण्णासो म्हणाले, "आमच्यात दिवस बुडाला की पाणीसुद्धा न्हाय, डॉक्टर. मग वजन वाढतंय कुठनं?"

"रात्रीचं नाही. पण रात्रीचं आधीच जेवून घेता का?"

अण्णासो हसले. अक्काताईंना मात्र हसू आलं नाही. सूर्य कलला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "खावा रं, रात्र लांब हाय!" म्हणत त्या सगळ्यांना दुप्पट वाढायच्या. शिजवलेलं रात्रभर ठेवायचं नाही, अन्न टाकायचं तर मुळीच नाही. मग भांड्याच्या तळाचा शिरा, कढईतली भाजी, तुपात भिजलेली शेवटची भाकरी, सगळं त्यांच्याच पोटात जायचं. त्याला त्या धर्म म्हणायच्या. तोच धर्म आता ओंजळीत आडवा आला होता.

डोळ्यात इंजेक्शन झालं. रोजची गोळी लागली. "वजन उतरलं तर वाहिन्या थोड्या सावरतील," डॉक्टर म्हणाल्या, "पण गेलेली नजर सगळी परत येईल, असं वचन नाही देत."

काही दिवसांनी महाराजांच्या आहारासाठी पुन्हा दारी उभं राहायचं ठरलं. आदल्या दिवशी उन्हं तिरपी झाली, तरी अक्काताई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. बोटं सवयीनं फिरत होती. पण त्या एकाच दाण्यावर पुन्हा पुन्हा येत होत्या, आणि तो दाणा आहे की नुसता डाग, हे त्यांना उमजत नव्हतं.

"आत्ती, शिरा उरलाय वाटीभर," आतून दीपा म्हणाली.

अक्काताईंचा हात सुपावरून उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला आणि पुन्हा खाली आला.

"गाईला घाल जा."

दीपा गाईला घालून परत आली, तेव्हा अक्काताईंनी सूप तिच्याकडं सरकवलं होतं. पदरानं उजवा डोळा टिपत त्या म्हणाल्या, "इथनं फुडं तूच निवड, बाई. मला सगळेच दाणे स्वच्छ दिसत्यात."