गोव्याचा पावना

हसायचं नाही अशी आधी शपथच घालणार होतो. पण चहा ओतून झालाय आणि तुम्ही आत्तापासूनच गालातल्या गालात हसायला लागलाय, तेव्हा राहू दे. आमच्या गावात मला ‘गोव्याचा पावना’ म्हणतात. मी गोव्याचा नाही. पावनाही नाही. त्याच गावात जन्मलो, तिथल्याच शाळेत मार खाल्ला. मग हे नाव पडलं कसं? माझ्या शहाणपणानं पडलं, दुसरं काय!

मी बेळगावात एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मागणी वाढली की किंमत वाढते, पुरवठा वाढला की पडते, असं म्हणत फळ्यावर फुलीसारख्या दोन रेघा मारायच्या आणि महिन्याला पगार घ्यायचा. राहायला खासबागेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावी असतात, खानापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला. तिथं आमचा लाल मातीचा माळ आहे आणि त्या माळावर रताळी अशी येतात की... जाऊ दे, आपल्याच रताळ्यांची स्तुती आपण करू नये. पण गोड लई!

तर त्या साली आप्पांचं मन शेतीवरून उठलं होतं. शेजारच्या माळावर वीटभट्टी आली होती आणि भट्टीवाला आप्पांच्या मागं लागला होता. “माती द्या, वर्साला ठरल्यालं पैसे घ्या, कशाला वेल लावत बसताय?” आप्पा त्याला आधी बांधावरूनच हाकलायचे. मग लागोपाठ दोन सालं रताळ्याला दर मिळाला नाही आणि आप्पांनी त्याला हाकलायचं बंद केलं. एवढंच काय, घरात बोलावून चहा दिला! तेव्हा मी ओळखलं, प्रकरण हाताबाहेर चाललंय.

“यंदा शेवटचं बघतो,” आप्पा म्हणाले. “दर गावला तर गावला. न्हायतर दसऱ्याला त्येला व्हय म्हणून सांगतो. माळ त्येचा, आपुन मोकळं.”

‘मोकळं’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या माळावर मी चालायला शिकलोय हो. वरची माती एकदा भट्टीत गेली की तिथं वेल काय, कुसळसुद्धा धड उगवत नाही. मला फार वाईट वाटलं. आणि मास्तर माणसाला वाईट वाटलं की तो काहीतरी करायला जातो, तिथंच घोळ होतो.

नवरात्राच्या तोंडावर रताळी बेळगावच्या बाजारात आली. आप्पा गावाकडून टेम्पोबरोबर आले, मी खासबागेतून गाडीवर गेलो. आता आप्पांची एक सवय सांगायला पाहिजे. आपल्या मालाचा सवाल ते कधीच बघत नाहीत. सवाल म्हणजे लिलाव, आमच्याकडं असंच म्हणतात. लिलाव सुरू झाला की ते बाहेरच्या हॉटेलात जाऊन बसतात आणि चहाची बशी हातात धरून देवाचं नाव घेतात. दरवर्षी गावातले एक तात्या त्यांच्या वतीनं पोत्यांजवळ उभे राहायचे. यंदा तात्यांची कंबर धरली होती, म्हणून मला बोलावणं.

“परशा, तू नुसता पोत्यांजवळ हुबा ऱ्हा,” आप्पांनी बजावलं. “तोंड उघडू नगो. काय?”

“व्हय आप्पा.”

“काय म्हटलो मी?”

“तोंड उघडू नगो म्हटलासा.”

एवढी सोपी गोष्ट होती बघा. दगडालासुद्धा जमली असती!

आमची पोती कुठूनही ओळखू येतात. माझी सासुरवाडी वडगावची, घरात साड्यांचे माग. मागावर उरलेला जांभळा धागा सासरे आप्पांना देतात आणि आप्पा तो चारपदरी करून त्यानंच पोत्यांची तोंडं शिवतात. “सुतळी कशाला इकत आणायची? आणि आपला माल आपल्याला कळतोय,” असं त्यांचं म्हणणं. हा जांभळा धागा जरा ध्यानात ठेवा.

लिलाव सुरू झाला. मल्लाप्पा नावाचा दलाल बोली पुकारत होता. मी बरीच वर्षं बाजारात गेलो नव्हतो, त्यामुळं तो मला ओळखत नव्हता. मी इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला कॉलेजची बॅग अडकवून उभा. समोर व्यापारी. त्यात एक जाडजूड, पानानं तोंड भरलेला. त्यानं आमच्या पोत्यात हात घातला, एक रताळं काढलं, मोडलं, हुंगलं आणि असा काही दर सांगितला की जणू भंगाराचा भाव करतोय.

बाकीचे सगळे गप्प! एकानंही वर बोलावं की नाही? मल्लाप्पा ओरडायला लागला, “एक वार... दोन वार...” माझ्या डोळ्यांसमोर वीटभट्टीचा धूर आला. आणि डोक्यात तो फळा आला. मागणी वाढली की किंमत वाढते! इथं कमी काय आहे? मागणी! मग थोडी मागणी आपणच वाढवली तर? एकदा बोलायचं, दर चढवायचा आणि बाजूला सरकायचं. कुणाला कळणार आहे?

“पन्नास वर!” मी ओरडलो.

सगळ्यांनी वळून बघितलं. पानवाल्यानं पिंक टाकली आणि आणखी पन्नास चढवले. बघा, चाललं की अर्थशास्त्र! मला असा चेव आला म्हणता. मी “शंभर वर!” तो “पन्नास वर!” मी पुन्हा “शंभर वर!” आतापर्यंत दर मागच्या सालाच्या पार पुढं गेला होता आणि मी मनातल्या मनात आप्पांना नमस्कार करत होतो की बघा तुमचा लेक.

तेवढ्यात पानवाल्यानं माझ्याकडं बघून हात जोडले, हसला, आणि पुढच्या ढिगाकडं निघून गेला.

अहो, जाताय कुठं? थांबा की! तुमची पाळी आहे!

“एक वार, दोन वार, तीन वार! आयतु, झालं!” मल्लाप्पानं माझ्या पाठीवर थाप मारली. “पावन्यांचा माल! कुठनं आलासा पावनं? गोव्याची पार्टी काय?”

मी काय बोलणार? ‘मी याच पोत्यांच्या मालकाचा मुलगा’ असं सांगितलं असतं तर त्याच पोत्यांत घालून मला शिवलं असतं, तेही जांभळ्या धाग्यानं. मी मान हलवली. वर-खाली की आडवी, मला आठवत नाही. मल्लाप्पानं ती गोव्याच्या बाजूनं धरली.

आणि मग गंमत बघा! गोव्याची पार्टी उतरलीय आणि रताळं पाहिजे त्या दराला उचलतेय, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. गोव्याला रताळं कमी पडलंय म्हणजे काहीतरी असणार, असं म्हणून बाकीचे व्यापारी पेटले. पानवाल्यानं पुढचा ढीग माझ्यापेक्षाही वर घेतला. त्याच्या पुढचा आणखी वर. सदलग्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या पोत्यांना तर असा दर मिळाला की तो मल्लाप्पाला पुन्हा पुन्हा विचारत होता, “माझंच न्हवं? नक्की माझंच?” त्या दिवशी बाजारातल्या झाडून सगळ्या शेतकऱ्यांची रताळी चढ्या दरानं व्यापाऱ्यांनी घेतली. फक्त एकट्या आमच्या आप्पांची रताळी कुणी घेतली? मी!

मोबाईलवरून मल्लाप्पाला पैसे भरले. पगार नुकताच झाला होता म्हणून निभावलं. वर हमाली दिली, तोलाई दिली. घरच्या मातीतलं रताळं, आणि वर हमाली! पोती भाड्याच्या दुसऱ्या टेम्पोत चढवायला सांगितली आणि आप्पांना गाठायला हॉटेलकडं पळालो. तोवर बातमी माझ्या आधी तिथं पोचली होती.

आप्पांच्या डोळ्यांत पाणी. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. “परशा, ऐकलास न्हवं? कोण गोव्याचा पावना आलता म्हणं! चल, त्येला चहा पाजूया.”

“गेला तो, आप्पा.”

“गेला? लगीच? दिसायला कसा हुता रं?”

“असाच... माझ्यासारखा.”

“तुज्यासारका?” आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “छ्या! त्यो हुशार आसणार.”

सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण ते म्हणाले, “भट्टीवाल्याला सांगतो, माळ द्यायचा न्हाय,” आणि माझं तोंड आपोआप मिटलं.

इकडं खासबागेत टेम्पो थांबला तेव्हा बायको, सुमन, दारातच उभी. “अहो, हे काय?”

“रताळी.”

“ते दिसतंय. कुठली?”

“आपलीच. विकत आणली.”

ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. मग बाहेर येऊन म्हणाली, “बाप पिकवतोय, लेक लिलावात घेतोय. आता सुनेनं शिजवायचं, एवढंच राहिलंय!”

आणि शिजवलीच की! सकाळी उकडलेली रताळी, दुपारी रताळ्याचा कीस, रात्री घाऱ्या. कॉलेजात मी ‘उत्पादन खर्च’ शिकवताना ढेकर दिला तो रताळ्याचा. पोतं काही हलेना.

वाचवलं ते नवरात्रानं. गल्लीत निम्म्या बायकांना उपास. शेजारच्या मंगलाक्का सहज डोकावल्या, एक रताळं उकडून खाल्लं आणि तासाभरात पिशवी घेऊन परत आल्या. “सुमन, हे खडेबाजारात मिळतंय तसलं न्हवं गं! कुठलं?”

“आमच्या आप्पांच्या माळावरचं,” सुमननं सांगितलं आणि दर सांगून मोकळी झाली. माझ्या बोलीपेक्षा चढा, बाजारातल्या गाडीवाल्यापेक्षा उतरता. मंगलाक्का खूश, सुमन खूश. मी तिथंच कट्ट्यावर बसलेलो. शेतकऱ्याला मिळतो तो दर आणि गिऱ्हाईक मोजतं तो दर, यांच्यामधली दरी मी दरवर्षी पोरांना शिकवतो. माझ्या बायकोनं त्या दरीत खुशाल तराजू मांडला होता! मंगलाक्कांनी चौघींना सांगितलं, चौघींनी गल्लीला. वडगावहून सासूबाईंनी मागवून घेतली, मागवाल्यांच्या अख्ख्या आळीत वाटून विकली. सातव्या माळेला कोपऱ्यात दोनच पोती उरली.

दसऱ्याला आप्पा आले. नवा फेटा, हातात आपट्याची पानं, आणि काखेत पिशवी. पिशवीत काय असेल? रताळी!

“घरच्यासाठी ठेवल्याली. तुमास्नी कुटली मिळत्यात हितं!” मला सोनं दिलं, बसले आणि सुरू झाले. “भट्टीवाल्याला न्हाय म्हणून सांगून आलोय. पुढल्या साली वेल दुप्पट. गावात सगळी त्या गोव्याच्या पावन्याचं नाव काढत्यात. हातात सोन्याचं कडं हुतं म्हणं त्येच्या. मी तर घटाम्होरं बसून देवीला मागणं मागितलंय, बाई, असला येडा दरसाली गाठ पडू दे!”

सुमनला पुन्हा खोकला आला.

आणि नेमक्या त्याच वेळी दारातून मंगलाक्का! “सर, तुमच्या आप्पांची ती रताळी हायत काय अजून? बहिणीला पाहिजे हुती.”

आप्पांनी मंगलाक्कांकडं बघितलं. मग कोपऱ्यातल्या पोत्यांकडं. उठले, जवळ गेले, तोंडाचा जांभळा धागा दोन बोटांत धरून निरखला. मला वाटलं, संपलं! आता फेटा सावरून सरळ भट्टीवाल्याकडं जाणार. जे घडलं ते सगळं मी एका दमात सांगून टाकलं. पन्नास वर, शंभर वर, मल्लाप्पा, हमाली, घाऱ्या, सगळं.

आप्पा पोत्यावरच बसले. “आन बाकीची?”

“खपली,” सुमन म्हणाली. “आणि मामंजी, तुमाला बाजारात मिळाला त्येच्यापेक्षा जादा दरानं. यांचं पैसे निघून वर उरल्यात. पुढच्या साली अर्धी पोती सरळ हितंच पाठवा. मी बघते.”

आप्पांनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. जवळ जाऊन बघतो तर काय, म्हातारा हसतोय! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग फेट्याच्या शेवानं डोळे पुसले, पिशवीतलं एक रताळं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि सुमनला म्हणाले,

“पोरी, देवीनं माझं ऐकलं बघ. येडा दरसाली गाठ पडू दे म्हटलतो. मला काय ठावं, तिनं त्यो आधीच माझ्या घरात जल्माला घातलाय म्हणून!”