नोट भरली आहे

आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. हॉलच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसारखे ते एकात एक अडकून बसलेले असतात. एक ओढायला जावं, तर चार हातात येतात. त्यातल्या त्यात आमच्या अ‍ॅपचे किस्से म्हणजे कहर!

माझी शाळा डेहराडूनच्या बोर्डिंगात झाली, कॉलेज स्कॉटलंडला, एडिंबरात. तिथे रंगभूमी शिकताना मी ठरवलं होतं, की आपण परत जायचं, मुलुंडला, आपल्या माणसांत, आणि खरं सामूहिक नाटक करायचं. एक संहिता, सगळ्यांच्या फोनवर. सगळे वाचतील, सुचवतील, एकमेकांच्या वाक्यांना धार लावतील. कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही!

प्रत्यक्षात काय झालं? सगळ्यांनी धार लावली ती आपापल्याच वाक्यांना.

*

आमचा ग्रुप छोटासा. दिग्दर्शक भाऊ राणे, बँकेतून रिटायर झालेले. विद्याताई, दातांच्या डॉक्टर. प्रसाद, बाइकच्या शोरूममध्ये सेल्सला. आणि कदमकाका, एसी रिपेअरवाले, मूळचे मालवणचे. तालीम रोज संध्याकाळी मुलुंड पूर्वेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये.

एकांकिका होती एका हाउसिंग सोसायटीची. चेअरमन वारलेत, प्रेत हॉलमध्ये ठेवलंय, आणि कमिटीवाले भांडतायत, की सोसायटीच्या ऑफिसच्या चाव्या आता कोणाकडे? प्रसाद सेक्रेटरी, भाऊ खजिनदार. विद्याताई चेअरमनची बायको, सुमन. ती अख्खं नाटक गप्प बसते आणि शेवटी एकच वाक्य बोलते : "चाव्या त्यांच्या खिशात आहेत." सगळे प्रेतावर झडप घालतात. अंधार!

कदमकाका प्रेत.

मी फुकटातलं एक नोट्सचं अ‍ॅप शोधलं, संहिता त्यात टाकली, आणि सगळ्यात वर माझे नियम लिहिले. 'सामूहिक निर्मितीची बारा सूत्रं.' पहिल्या दिवशी ती मी उभी राहून वाचून दाखवली.

वाचून झाल्यावर भाऊंनी शांतपणे विचारलं, "छान आहे. छापता येतं का?"

*

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावर अडलं. स्पर्धेत एकांकिकेला पंचेचाळीस मिनिटं असतात. एक मिनिट जास्त झालं की बाद. गेल्या वर्षी आम्ही असेच बाद झालो होतो. त्यामुळे शाळेने भाऊंना बोलावून स्पष्ट सांगितलं, "यंदा फायनलला गेलात तर हॉल तुमचा. नाहीतर संध्याकाळची वेळ झुंबाला देतोय."

"झुंबा म्हणजे काय रे?" कदमकाकांनी विचारलं.

प्रसादने नाचून दाखवलं.

भाऊ म्हणाले, "या वयात याच्याकडून हरायचं नाही मला!"

*

पहिले आठ-दहा दिवस झकास गेले. मग एके दिवशी तालमीत सेक्रेटरी एकदम प्रेताच्या उशाशी बसला आणि आपल्या बालपणाबद्दल बोलायला लागला. वडिलांची सायकल, आईचा आजार, पहिली नोकरी...

"हे कधी आलं?" भाऊंनी विचारलं.

"नोटमध्ये आहे ना!" प्रसाद म्हणाला.

नोटमध्ये होतंच. जुनी प्रत बघायला गेलो, तर ती सोय पैसे भरणाऱ्यांनाच. फुकटवाल्यांना जे आज दिसतं तेच सत्य!

मग मी नीट तपासलं. खजिनदाराने चार ठिकाणी 'अरे देवा' वाढवून घेतलं होतं. दिग्दर्शकानेच! गप्प बसणाऱ्या सुमनच्या नावापुढे कंसात लिहिलं होतं : (पदर सावरते. आठवणीत हरवते. खिडकीशी जाते. परत येते. पुन्हा जाते. आता मात्र तिथेच थांबते.)

"विद्याताई, हे काय?"

"मी एक शब्द तरी वाढवलाय का बोलायचा? नुसतं चालतेय गं मी!"

त्या चालण्याने प्रयोग तासाच्या पुढे गेला होता.

*

या सगळ्यात एकच माणूस दुःखी होता. कदमकाका. प्रेताचं एकही वाक्य नाही, मग वाढवणार काय?

"माका एक तरी डायलॉग द्या गो," ते मला म्हणाले.

"काका, तुम्ही मेलेले आहात."

"मगे? आमच्या गावात मेलेलीच जास्त बोलतत!"

मी त्यांना सूत्र क्रमांक सात वाचून दाखवलं : 'रंगमंचावरचं मौन हेसुद्धा सर्जनशील योगदान आहे.'

त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "ह्या तू पडान बघ आणि मग सांग."

*

अ‍ॅपमध्ये आणखी एक खोट होती. नोट एका वेळी एकाच फोनवर उघडायची. दुसऱ्याने उघडली की पहिला बाहेर फेकला जायचा, आणि त्याच्या स्क्रीनवर नाव यायचं, अमुक लिहीत आहे. मला वैताग आला होता. भाऊंना मात्र त्यात रत्न सापडलं.

एकदा प्रसादचा फोन आला. "भाऊ, उशीर होईल यार. बाइकवर आहे. एलबीएस रोड पूर्ण जाम!"

माझ्या हातातल्या टॅबवर त्याच क्षणी आलं : 'प्रसाद लिहीत आहे.'

भाऊंनी टॅब बघितला, चष्मा वर केला आणि फोनमध्ये प्रेमाने म्हणाले, "सावकाश ये हो राजा. एका हाताने हँडल, एका हाताने बालपण, पडशील रे!"

तेव्हापासून भाऊ माझ्यापेक्षा जास्त अ‍ॅप वापरायला लागले. कोण क्लिनिकमध्ये अडकलंय, कोणाला ताप आलाय, सगळं ते आधी टॅबवर तपासायचे.

*

मग प्रॉपर्टीची, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तूंची यादी. हार, उदबत्त्या, पांढरी चादर, फोटोफ्रेम, चाव्यांचा जुडगा. प्रत्येक गोष्टीपुढे चौकोन, वस्तू आणली की टिक करायची. दोन तासांत सगळ्या टिक झाल्या! मी भारावले. एडिंबरच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, की बघ, आमच्याकडची माणसं किती तत्पर!

रंगीत तालमीला स्टेजवर काय होतं? कदमकाका. बाकी काही नाही.

"चादर कुठाय?"

"मी कुठे म्हटलं आणली?" विद्याताई म्हणाल्या. "तू लिहिलंस, मी वाचलं, टिक केली. मेसेज वाचला की नाही का टिक निळी होत? तसंच!"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळ्यांनी सगळं नीट वाचलं होतं.

मग मी नियम केला, नुसती टिक चालणार नाही, वस्तूचा फोटो टाका. प्रसादने पाच मिनिटांत हाराचा फोटो टाकला. सुंदर, टपोरा, ताजा हार. कोपऱ्यात एका ऑनलाइन दुकानाचं नाव होतं.

*

प्रयोग तासाच्या आत काही केल्या येईना. मी सूत्रं वाचली, विनवण्या केल्या, एकदा रडलेसुद्धा. भाऊ स्वतःच्या 'अरे देवा'ला हात लावायला तयार नव्हते, तर बाकीच्यांना कसं सांगणार? स्पर्धा तोंडावर आली होती, आणि शाळेच्या गेटवर झुंबाचं पोस्टरही लागलं होतं. आपली वाट लागली, हे मी मनाशी धरून चालले होते.

आणि एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर एकच ओळ आली : 'नोट भरली आहे. नवीन मजकूर घेता येणार नाही.'

फुकटच्या अ‍ॅपमध्ये नोटला मर्यादा असते, हे मलाही तेव्हाच कळलं. मी ताबडतोब म्हटलं, "वर्गणी काढू, अपग्रेड करू, मग हवं तेवढं लिहिता येईल."

भाऊंनी हात वर केला. "खबरदार! चाळीस वर्षांत मला जे जमलं नाही, ते या अ‍ॅपने केलंय. सगळ्यांचं तोंड बंद केलंय! फायनलला गेलो, तर दुसऱ्या दिवशी कर अपग्रेड. तोवर हे कंजूषच बरं."

त्याच संध्याकाळी भाऊंनी घड्याळ लावून वाचन घेतलं आणि निम्मा मजकूर खोडायला लावला. मग वरच्या ओळीत लिहून टाकलं, की पंचेचाळीस मिनिटांचं माप झालं, आता ही नोट भरलीच समजायची. एक ओळ घालायची तर एक काढायची.

आणि बाजार सुरू झाला! घाटकोपरच्या भाजीगल्लीत होणार नाही अशी घासाघीस.

"प्रसाद, तुझी सायकल काढ, मी दोन 'अरे देवा' सोडतो."

"सायकलचे तीन होतात भाऊ!"

"विद्याताई, तुमचं दुसऱ्यांदा खिडकीशी जाणं मला द्या ना."

"देते. पण तुझ्या आईचा आजार कमी कर."

"थोडी बरी करू?"

"पूर्ण बरी कर. तू काय, वाचवू शकतोस तिला!"

अशा रीतीने प्रसादची आई खणखणीत बरी झाली आणि एकांकिका चव्वेचाळीस मिनिटांवर आली. वाक्यं खरोखर धारदार झाली होती. जी एडिंबरमध्ये शिकले ती सामूहिक निर्मिती हीच की काय, अशी मला शंका यायला लागली.

कदमकाका मात्र हात चोळत बसले होते. देवाणघेवाणीला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी ते माझ्याजवळ आले.

"मुक्ता, तुझी ती बारा सूत्रां केवढी लांब आसत गो! तेच्यात एक डायलॉग आरामात बसात."

"काका, तो आपल्या कामाचा पाया आहे!"

"होय? वाचता कोण?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

*

स्पर्धा बोरिवलीला होती. प्रयोगाआधी मी सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले आणि टॅब घेऊन विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी राहिले.

प्रयोग काय रंगला! प्रसादच्या भाषणाला टाळी. भाऊंच्या शिल्लक राहिलेल्या एकुलत्या एक 'अरे देवा'ला तर हॉल कोसळला. घड्याळात अजून मिनिटभर शिल्लक होतं. आता फक्त सुमनचं वाक्य, आणि अंधार. लाइटवाला बटणावर बोट ठेवून थांबलेला.

विद्याताई पुढे आल्या. प्रेताशेजारी उभ्या राहिल्या. आणि गप्प.

एक क्षण. दोन क्षण. प्रसादने भाऊंकडे बघितलं, भाऊंनी माझ्याकडे. मी शेवटच्या ओळीपर्यंत जायला टॅबवर बोट सरकवलं. एवढ्यात नोट बंद झाली आणि समोर आलं : 'कदम लिहीत आहे.'

कदम! फोन सगळ्यांचे घेतले होते मी. पण स्टेजवर आधीच आडवं झालेल्या प्रेताची झडती कोण घेतं?

"चाव्या!" मी विंगेतून ओरडले, जमेल तेवढ्या हळू. "विद्याताई, चाव्या!"

विद्याताईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी निवांत. पदर सावरला. आणि परत गप्प!

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. मला झुंबाचं पोस्टर दिसायला लागलं.

तेवढ्यात चादर हलली. आतून स्वच्छ, खणखणीत आवाज आला :

"अगं, चाव्या माझ्या खिशात आहेत. सांग त्यांना!"

लाइटवाला दचकला आणि त्याचं बोट बटणावर पडलं. अंधार!

पुढचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. लोक खुर्च्या बडवत होते. रात्री निकाल लागला. आम्ही फायनलला. परीक्षक माइकवर म्हणाले, "मृताला बोलतं करण्याचं धाडस दिग्दर्शकाने फार विचारपूर्वक केलंय." भाऊंनी फार विचारपूर्वक मान डोलावली.

येताना गाडीत विद्याताई कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "शपथ सांगते, एकदम ब्लँक झाले गं! नशीब, काकांना सुचलं." कदमकाका खिडकीबाहेर बघत होते. पहिल्यांदाच त्यांना बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपग्रेड करायला मी नोट उघडली. सगळ्यात वरची माझी बारा सूत्रं गायब होती. खाली 'शेवटचा बदल' म्हणून आदल्या दिवशीची दुपार दिसत होती, पडदा उघडायच्या कितीतरी आधीची. आणि सगळ्यात शेवटी, मोकळ्या झालेल्या जागेत, दोन ओळी होत्या :

सुमन : (वाक्य विसरते.)

प्रेत : अगं, चाव्या माझ्या खिशात आहेत. सांग त्यांना!

मी चहा घेतला. पैसे भरले तर जुनी प्रत, म्हणजे माझी सूत्रं, परत मिळणार होती. दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग ग्रुपवर मेसेज टाकला : 'अपग्रेड रद्द.'

पाच मिनिटांत चौघांच्याही टिक्स निळ्या झाल्या.